करारपूर्व दायित्व

करारपूर्व दायित्व म्हणजे वाटाघाटी सुरू असताना, प्रत्यक्ष करार होण्यापूर्वी केलेल्या वर्तनामुळे एखाद्या पक्षावर येणारी कायदेशीर जबाबदारी होय. बोलणी अर्ध्यावर सोडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक पक्षाला असते. मात्र शब्दावर विसंबून दुसऱ्याने केलेला खर्च कोणी सोसावा, हा या संकल्पनेतील मुख्य प्रश्न आहे. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी त्याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत.

उगम

जर्मन विधिज्ञ रूडॉल्फ फॉन येरिंग यांनी १८६१ मध्ये हा सिद्धान्त ‘कुल्पा इन कॉन्त्राहेन्दो’, म्हणजे ‘करार करतानाचा दोष’, या लॅटिन नावाने मांडला. एका पक्षाच्या चुकीमुळे करार निरर्थक ठरल्यास, त्यावर विसंबलेल्या दुसऱ्या पक्षाचे नुकसान पहिल्याने भरून द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००२ पासून हे तत्त्व जर्मन नागरी संहितेच्या कलम ३११ मध्ये समाविष्ट आहे.

फ्रान्स आणि इंग्लंड

फ्रान्समध्ये २०१६ च्या सुधारणेनंतर नागरी संहितेच्या कलम १११२ नुसार बोलणी सुरू करणे, चालवणे व थांबवणे यांचे स्वातंत्र्य आहे; परंतु त्यात सद्भाव राखणे बंधनकारक आहे. दोषी पक्षाकडून झालेल्या नुकसानाची भरपाई मिळते. न झालेल्या करारातून अपेक्षित असलेला नफा मात्र मिळत नाही.

इंग्लंडमध्ये सद्भावाने वाटाघाटी करण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. वॉलफोर्ड विरुद्ध माइल्स (१९९२) या खटल्यात विक्रेत्यांनी इतरांशी बोलणी थांबवण्याचे मान्य करूनही व्यवसाय तिसऱ्यालाच विकला. असे बंधन परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या पक्षांच्या भूमिकेशी विसंगत आहे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले. चुकीच्या निवेदनामुळे वाया गेलेल्या खर्चापोटी खरेदीदारांच्या पदरी केवळ ७०० पौंड पडले.

भारत

भारतीय करार कायदा, १८७२ मध्येही असे सर्वसाधारण बंधन नाही. कलम ५ नुसार स्वीकृती कळवण्याची क्रिया प्रस्तावकाच्या दृष्टीने पूर्ण होईपर्यंत त्याला प्रस्ताव मागे घेता येतो. तथापि कपट (कलम १७) किंवा चुकीचे निवेदन (कलम १८) यांमुळे संमती मिळवली असल्यास, फसलेल्या पक्षाला कलम १९ नुसार करार रद्द करता येतो. केवळ मौन बाळगणे हे सामान्यतः कपट ठरत नाही. बोलणे हे कर्तव्य असेल तेथे मात्र ते कपट ठरू शकते.

करार झालेला नसला, तरी दिलेले वचन काही वेळा बंधनकारक ठरते. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात शासनाने विक्रीकर माफीचे आश्वासन दिले होते व त्यावर विसंबून कंपनीने वनस्पती तुपाचा कारखाना उभारला होता. सर्वोच्च न्यायालयाने वचनविबंधाच्या तत्त्वानुसार शासनाला आश्वासन पाळण्यास बांधील ठरवले.

व्यवहारातील उपाय

मोठ्या व्यवहारांत पक्ष प्रथम इरादापत्र करतात. त्यातील कोणत्या अटी बंधनकारक आहेत, गोपनीयता कशी राखायची आणि बोलणी फिसकटल्यास खर्च कोणी करायचा, हे आधीच लिहून ठेवल्यास पुढील वाद बरेचसे टळतात.