हौशी कोणाला म्हणायचं?

श्रोतेहो, तेल्हाऱ्याहून वारीच्या हनुमानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाची एक टपरी आहे. समोर सातपुड्याची रांग, दोन्ही अंगांना कपाशी आणि तूर. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी तिथं बसलो होतो. तेवढ्यात पाच-सहा सायकली येऊन थांबल्या. जाड, खाचाखाचांचे टायर, डोक्यावर हेल्मेट, अंगाला घट्ट बसलेले रंगीत कपडे. अकोल्याकडची मंडळी होती. कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी बँकेत. अंधारात निघाली होती. धरणापर्यंत जायचं, पायथ्याच्या कच्च्या वाटांनी फिरायचं आणि ऊन तापायच्या आत परतीला लागायचं. चहा घेऊन ती गेली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "यायले याचे किती पैसे भेटते हो?"

मी म्हटलं, "भेटत नाहीत. शर्यत असली तर उलट हेच भरतात."

"म्हंजे पैसे देऊन थकते हे लोक?" तो म्हणाला आणि मनापासून हसला.

मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण मला माझे अब्बा आठवले.

माझे अब्बा पिंजारी. दसरा झाला, थंडीची चाहूल लागली की त्यांचा हंगाम सुरू. चोवीस इंची काळी सायकल. दांड्याला पिंजण बांधलेलं, कॅरिअरवर पोतं, पोत्यात सुई-दोरा आणि भाकरीचं गाठोडं. बेलखेड, दानापूर, हिवरखेड, अडगाव, पंचगव्हाण, जिथून गादी-रजईचं बोलावणं येईल तिथं जायचं. दिवसभर कापूस पिंजायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचं. अवकाळी पाऊस आला तर आमची काळी माती मडगार्डात अशी भरायची की चाक फिरेना. त्यासाठी अब्बांच्या सायकलीला कायम एक बाभळीची काडी खोचलेली असे. चिखल काढायचा, चार पावलं जायचं, पुन्हा काढायचा. शेवटी सायकल खांद्यावर. किती किलोमीटर झाले, हे त्यांनी कधी मोजलं नाही. त्यांचा हिशेब रजयांचा असे.

१९७९ किंवा ८० साल असेल. मी नऊ-दहा वर्षांचा. गावातल्या एका मंडळानं २६ जानेवारीला सायकल शर्यत ठेवली. तेल्हारा ते हिवरखेड आणि परत. पहिलं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ. अब्बांनी आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात सायकलीचं कॅरिअर काढलं, म्हणजे वजन कमी होईल. पाना मी धरला होता. सकाळी धुतलेला पायजमा घालून ते रांगेत उभे राहिले. नावं लिहून घेणाऱ्यानं मान वर केली आणि म्हणाला, "चाचा, हे हौशी लोकायची शर्यत आहे. तुमी तं रोजच सायकल चालोता. तुमचा धंदाच आहे थो."

अब्बा म्हणाले, "मंग आज हौसेनं चालोतो नं, बापा."

लोक हसले. नाव काही लिहिलं गेलं नाही. घरी येऊन अब्बांनी कॅरिअर परत बसवलं. त्यातली एक चाकी हरवली होती, तिथं त्यांनी तार गुंडाळली. मी चिडलो होतो, ते चिडले नव्हते. निदान तसं दाखवलं नाही.

श्रोतेहो, मोठेपणी मी बी.ए.ला इतिहास घेतला आणि मग वाचनात एक गोष्ट आली. आमच्या मंडळातल्या त्या माणसाला ठाऊक नव्हतं, पण तो एक जुना, साहेबी नियम लावत होता. इंग्लंडमध्ये टेम्स नदीवर हेन्ली इथं नौकांच्या प्रसिद्ध शर्यती होतात. त्यांच्या १८७९च्या नियमांत हौशी खेळाडूची व्याख्या दिली होती. बक्षिसाच्या पैशासाठी खेळणारा हौशी नव्हे, हे एक वेळ समजू शकतं. पण त्यात असंही होतं की, जो मजुरीसाठी यंत्रकाम, कारागिरी किंवा अंगमेहनत करतो किंवा पूर्वी करत होता, तो हौशी नव्हे. म्हणजे ज्याचे हात कामानं घट्ट झाले, तो बाद. धावण्याच्या शर्यतींतही आधी असंच कलम होतं. १८८० साली तिथल्या नव्या संघटनेनं ते सोडून दिलं. नौकावाल्यांनी ते धरून ठेवलं, ते थेट १९३७ पर्यंत.

या नियमाची सर्वांत गाजलेली गोष्ट १९२० सालची आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जॅक केली नावाच्या तरुणानं हेन्लीला अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. एक कारण त्याच्या क्लबशी असलेला जुना तंटा, आणि दुसरं, तो विटा रचणारा गवंडी होता. त्याच उन्हाळ्यात बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक भरलं. तिथं केलीनं एकट्यानं वल्हवायच्या शर्यतीत सुवर्णपदक घेतलं, आणि हरवलं ते इंग्लंडच्याच बेरेसफर्डला.

त्याच अँटवर्पमध्ये आपला एक माणूस धावत होता, म्हणून हे एवढं सांगितलं. त्याचं नाव फडेप्पा चौगुले, बेळगावकडचा.

तो तिथवर पोचला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. पुण्याची डेक्कन जिमखाना संस्था १९०६ची. १९१९ साली तिथल्या मैदानी शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. दोराबजी केंब्रिजला शिकलेले, हेन्लीचा तो नियम झाला त्याच सुमारास. हौशी खेळाची साहेबी रीत त्यांनी जवळून पाहिलेली होती. आणि इथं पाहतात तो काय, लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताहेत. ना धड सराव, ना खाण्यापिण्याची चैन. तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते. टाटांनी पुढे १९२९ सालच्या एका पत्रात ही हकीकत लिहून ठेवली आहे. ही मुलं शेतात राबणारी आहेत म्हणून त्यांना बाजूला करावं असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं आलं. खर्चाचा मोठा वाटा त्यांनी स्वतः उचलला आणि १९२०च्या त्या पहिल्या भारतीय संघात फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोन मॅरेथॉन धावणारे निघाले.

अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा थोडी लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. दातारांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आला. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन. आणि गंमत पाहा, तोही व्यवसायानं गवंडीच! एका ऑलिंपिकमध्ये दोन गवंड्यांना सुवर्ण आणि आपल्या शेतातला एक पोरगा एकोणिसावा. हेन्लीच्या कलमानं या तिघांपैकी कोणाला हौशी म्हटलं नसतं.

लांबचा पल्ला अंगावर घेणं ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावरच्या कावडीत भरून राजराजेश्वराला आणतात, अठरा किलोमीटर, अनवाणी. लहानपणी खालाकडे असताना मी ती कावड रात्रभर जागून पाहिली आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाबद्दल तर वऱ्हाडात मी काय सांगावं. १९१४ची संस्था, १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलेली.

हौसेची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला तितकीच आवडते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे हे गडी. इराण, इराकचं वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान, कोरिया. वाटेत तिघं गळाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १८ मार्च १९२८ला मुंबईत परतले, सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून. कोणी पाठवलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. जग पाहायचं होतं, एवढंच. अशा वेडाला माझा सलाम आहे. हौस हा गुन्हा नव्हे. मी स्वतः तीस वर्षं मराठीत कविता लिहितो आहे, आणि मराठी कवीला धंदेवाईक म्हणायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची. बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. ती मात्र वेगाची शर्यत. तिथं चमकलेल्या पोराला रेल्वेत नाही तर सैन्यात नोकरी लागावी, ही घरच्यांची आस असते. त्यात वाईट काय?

डोंगर, नदी, सायकल सगळं एकत्र करणाऱ्या साहसी शर्यती अलीकडच्या. न्यूझीलंडमध्ये १९८३ साली एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत सुरू झाली. १९८९ साली फ्रेंचांनी तिथंच 'रेड गोलुआझ' ही अनेक दिवस चालणारी शर्यत घेतली. तिचा नियम असा की, संघ पाच जणांचा, त्यात एक तरी बाई हवीच आणि सगळ्यांनी मिळूनच शेवट गाठायचा. जो सर्वांत मागे, त्याचा वेग तो संघाचा वेग. हे मला फार आवडलं. आमच्या घरात बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन कोस कोस चालत, त्यांना अशा संघात घ्यायला कोणी विचार केला नसता. आपल्याकडे पुण्यात २००३ पासून 'एन्ड्युरो-थ्री' ही शर्यत सह्याद्रीत होऊ लागली. तिघांचा संघ, सायकल, डोंगर आणि पाणी. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतली, कॉलेजातली मुलंमुली त्यात उतरली आणि शनिवार-रविवारी सायकल घेऊन घाटात जायची रीत तिथून पसरत गेली. टपरीवर भेटलेली ती मंडळी त्याच रीतीची.

मग मोठे पराक्रम झाले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणारी 'रॅम' नावाची शर्यत १९८२ पासून आहे, सुमारे ४८०० किलोमीटरची. २०१५ साली नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या भावांनी जोडीनं ती पुरी केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे अमित समर्थ यांनी ती प्रत्येकानं एकट्यानं पुरी केली, बारा दिवसांच्या आत. अभिमानाची गोष्ट, वादच नाही. फक्त एक लक्षात येतं. चौघेही डॉक्टर आहेत. अशा शर्यतीला मागे गाडी लागते, सोबत माणसं लागतात, विमानाचं भाडं लागतं आणि मुख्य म्हणजे रजा लागते. आज कोणाच्या व्याख्येत 'मजूर बाद' असं लिहिलेलं नाही. ते आता खर्चाच्या पावतीवर लिहिलेलं असतं.

तरीही एक दार उघडं आहे, आणि ते मला माझ्या भाच्यानं दाखवलं. हा नागपुरात जेवणाची पार्सलं घरोघर पोचवतो, सायकलवर. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "मामू, दोनशे किलोमीटर जायचं आहे. बीआरएम म्हणतात." ही मूळची फ्रान्समधली पद्धत. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे. दोनशेला साडेतेरा तास. गंमत म्हणजे यात पहिला-दुसरा नसतो. वेळेत आला तो आला. सायकल कोणतीही चालते. पुढे-मागे दिवा हवा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवं.

मी त्याला विचारलं, "तिथं काम काय करतो म्हणून विचारलं का?"

"विचारलं ना. म्हटलं पार्सल पोचवतो. ते म्हणाले, मग तर तुझी प्रॅक्टिस झालेली आहे."

वाटेत थांब्यांवर शिक्का मारायचं एक कार्ड देतात. त्याचा फोटो त्यानं मला पाठवला, घामानं एक कोपरा भिजलेला. बारा तास पन्नास मिनिटं. पदक हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे भरावे लागतात. त्यानं घेतलं नाही. सायकल तीच, कामाची. पाठीवरची पार्सलची पेटी तेवढी घरी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याची ड्यूटी होती.