तपासनिसाचं टेबल कोण तपासतं?

इन्सुलीचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुधा एकाच प्रकारच्या बातमीत. नाक्यावर गाडी अडवली, गोवा बनावटीची दारू सापडली, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. सावंतवाडी आणि बांद्याच्या मधलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव. हद्द जवळ, म्हणून नाका. बाटलीवरचं लेबल, गाडीची कागदपत्रं, सगळं इथे तपासलं जातं आणि मग त्याची नोंद संगणकावर होते. ती नोंद करणाऱ्याचा पडदा आणि खुर्ची कुणी कधी तपासली का, हा प्रश्न बातमीचा नसतो. पण त्यालाही एक इतिहास आहे.

खुर्ची हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून आलेला. कलम अरबी; मेज, दफ्तर, कागद, शाई ही फारसीतून आली. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना पर्याय दिले गेले, तरी कारकुनाच्या हाताशी असलेले हे शब्द काही हलले नाहीत. मराठी कचेरीचं सामान कुणा एकाचं नाही, हे त्या शब्दांवरूनच कळतं.

या सामानात यंत्र आलं ते टाइपरायटरच्या रूपाने. १९५५ मध्ये गोदरेजने मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. शेवटी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात त्याचं उत्पादन होत होतं, ते २००९ मध्ये थांबलं. दरम्यान तालुक्याच्या गावोगावी टायपिंग इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांचं प्रमाणपत्र म्हणजे कारकुनाच्या नोकरीचा दाखला. आमच्या समाजातल्या कितीतरी घरांत पहिला सरकारी पगार याच दाखल्यावर आला. त्यात माणसाचा वेग मोजला जाई. यंत्राने माणसाचं काय होतं, हे मोजायची पद्धत नव्हती. पण टाइपरायटरची एक गोष्ट मान्य करायला हवी. ओळ संपली की कॅरेज ढकलायचं, पान संपलं की कागद बदलायचा. बोटांना आणि डोळ्यांना आपोआप थोडी विश्रांती मिळे. संगणकाने ती काढून घेतली.

हे मोजायला सुरुवात झाली स्वीडनमध्ये, आणि ती कामगार संघटनेच्या रेट्यातून झाली. पडद्याच्या किरणांमुळे गर्भपात होतात अशी भीती १९८० च्या सुमारास अमेरिका-कॅनडातल्या कार्यालयांत पसरली होती. पडद्यासमोर बसणाऱ्यांत बायकाच जास्त. स्वीडनच्या सरकारी मापन मंडळाने १९८७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये पडद्याभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या मोजणीची पद्धत आणि मर्यादा ठरवल्या. दुसऱ्या खेपेचं नाव 'एमपीआर २'. पांढरपेशा नोकरदारांच्या 'टीसीओ' या महासंघाला तेवढ्याने समाधान नव्हतं. त्यांनी १९९२ मध्ये स्वतःचं मानक आणलं. सरकारी पद्धतीत मोजणी पन्नास सेंटिमीटरवरून होई. संघटनेने पडद्यासमोरून तीस सेंटिमीटरवरून मोजायला लावलं, कारण माणूस पुढे वाकतोच. शिवाय काम नसेल तेव्हा वीज आपोआप कमी झाली पाहिजे, ही अट. १९९५ च्या आवृत्तीत निसर्गरक्षण संस्थेला सोबत घेऊन पर्यावरणाचे निकष आले, १९९९ च्या आवृत्तीत पडदा लुकलुकू नये म्हणून सेकंदाला किमान ८५ वेळा चित्र ताजं होण्याची अट.

यातली गंमत अशी की मूळ भीती खरी ठरली नाही. टेलिफोन ऑपरेटर बायकांवरचा मोठा अमेरिकन अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही. तरी मानक टिकलं, कारण त्याच्या निमित्ताने लुकलुकणं, चकाकी, वीज, प्लास्टिकमधली रसायनं हे सगळं चर्चेत आलं. ज्याला दुखतं त्याने मोजमाप मागितलं की असं होतं. आणि एखाद्या देशातल्या संघटनेचा कागद जगभरच्या कारखान्यांना पाळावा लागला, त्यामागे खरेदीदाराची ताकद होती. अमेरिकेत 'एनर्जी स्टार' १९९२ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खात्यांना तेच संगणक घ्यायला सांगितलं.

आपल्याकडे संघटना दुबळ्या होत्या असं मुळीच नाही. १९७७-७८ मध्ये महाराष्ट्रातल्या राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत लेखी करार करून घेतला. पण भर राहिला महागाई भत्त्यावर, नोकऱ्या जाऊ नयेत यावर आणि यंत्र चालवण्याच्या जादा भत्त्यावर. भुकेच्या देशात ते समजण्यासारखं आहे. मला मात्र ती संधी हुकल्यासारखी वाटते.

मग आपल्याकडे मानकं वरून आली. १९९१ मध्ये मातीच्या माठाचं चिन्ह असलेला 'इकोमार्क' निघाला, तो बाजारात फारसा दिसलाच नाही. २०१२ च्या आदेशाने लॅपटॉप, प्रिंटर, स्कॅनर यांची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची झाली. ती आग आणि विजेचा धक्का यांपासूनच्या सुरक्षेसाठी. त्याच वर्षी १ मे रोजी ई-कचऱ्याचे नियम लागू झाले आणि २०१४ पासून शिसं, पारा, कॅडमियम यांना मर्यादा आल्या. युरोपात त्या २००६ पासून होत्या. मधल्या काळात श्रीमंत देशांतले जुने मॉनिटर इकडे येत राहिले आणि भंगारात हातांनी फोडले जात राहिले. हे हात कुणाचे असतात, हे आपल्या वस्त्यांतल्या वाचकांना सांगायला नको.

पाठ, मान, डोळे मात्र राहूनच गेले. युरोपात १९९० च्या निर्देशानुसार पडद्यासमोर बसणाऱ्याची नेत्रतपासणी आणि मधली विश्रांती ही मालकाची जबाबदारी आहे. आपल्याकडे पडद्यासमोरच्या कामासाठी तसे वेगळे नियम नाहीत. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरला तर कायम नोकरी हीच पहिली मागणी, खुर्ची नंतर.

आज संगणकाच्या सरकारी निविदांत 'टीसीओ', 'एनर्जी स्टार' ही नावं अटींमध्ये आढळतात. यंत्र येतं, चिकटवलेलं चिन्हही येतं. मग कोकणातल्या कार्यालयात मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून त्याच्याखाली कोऱ्या कागदाची दोन रिमं नाहीतर एखादं जुनं आवक-जावक रजिस्टर ठेवलं जातं.