सावली कोण, चोर की मुलगा?

अकिरा कुरोसावाचा 'कागेमुशा' (१९८०) सुरू होतो तेव्हा सारख्याच वेशातले तिघे बसलेले दिसतात: काई प्रांताचा सरदार ताकेदा शिंगेन, त्याचा भाऊ नोबुकादो आणि सुळावरून सोडवून आणलेला एक चोर. चोराचा चेहरा हुबेहूब शिंगेनसारखा. दोन्ही भूमिका तात्सुया नाकादाईच्याच. कागेमुशा म्हणजे 'सावली-योद्धा', आपल्या भाषेत तोतया.

शिंगेन १५७३ मध्ये वारला. आपला मृत्यू तीन वर्षं लपवा, असं तो सांगून गेल्याची परंपरा आहे. सिनेमात हे सोंग चोर निभावतो. त्याने फक्त गादीवर बसायचं आणि हलायचं नाही. ताकेदांच्या निशाणावर वारा, जंगल, आग आणि डोंगर होते. शिंगेन म्हणजे त्यातला डोंगर. नातू फसतो, सरदार मान तुकवतात, पण शिंगेनचा घोडा मात्र तोतयाला खाली आपटतो. (सगळ्या दरबारात तेवढंच एक चोख व्हेरिफिकेशन!)

मला मात्र खरा कागेमुशा दुसराच वाटतो. शिंगेनचा मुलगा कात्सुयोरी. त्याची आई शिंगेनने जिंकलेल्या सुवा घराण्यातली, आणि आधी त्याला नावही सुवांचंच मिळालं होतं. परंपरा सांगते की वारसा त्याला नव्हे, त्याच्या लहान मुलाला होता. कात्सुयोरी नुसता पालक. म्हणजे हुकूम याने द्यायचे आणि सरदारांनी त्यात थोरल्याचा आवाज शोधायचा.

सिनेमात तो उतावळा, बापाशी स्पर्धा करणारा दिसतो. इतिहासात एवढं सरळ नाही. शिंगेनला न मिळालेला ताकातेन्जिन किल्ला याने १५७४ मध्ये घेतला. त्याचं श्रेय कितीजणांना आठवतं? आठवतं ते १५७५ चं नागाशिनो. तिथे लाकडी कुंपणाआडून ओदा नोबुनागाच्या बंदुका धडाडल्या आणि ताकेदांचे कितीतरी जुने सरदार पडले. कुरोसावा माणसं पडताना जवळजवळ दाखवतच नाही. आधी बघणाऱ्यांचे चेहरे, मग मैदानभर तडफडणारे घोडे. हाकलून दिलेला चोर त्या मैदानात एकटाच धावत सुटतो. आता त्याला कुणी शिंगेन व्हायला सांगितलेलं नसतं.

शिंगेनचा जाहीर अंत्यविधी १५७६ मध्ये एरिन-जी मंदिरात झाला. तो कात्सुयोरीनेच केला. १५८२ मध्ये वेढला गेल्यावर त्याने जीव दिला. ज्या मुलासाठी तो पालक होता, तोही त्याच्याबरोबर गेला.