'सेवा' म्हटले की मजुरी बुडते : घरोघर जाणाऱ्या नर्सांचा इतिहास

नर्सिंगचा इतिहास आपल्याला फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या दिव्यापासून शिकवला जातो. त्या दिव्याच्या उजेडात कोण दिसत नाही, हा आमचा प्रश्न आहे. आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याचे हगणे-मुतणे काढणाऱ्या बाईला समाज देवी म्हणतो आणि पगाराच्या दिवशी तिला कामगारसुद्धा मानत नाही. हे आपल्याच देशात घडते असे नाही.

न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८९३ साली लिलियन वाल्ड या नर्सने घरोघर जाऊन शुश्रूषा सुरू केली. त्यातून हेन्री स्ट्रीटची प्रसिद्ध संस्था उभी राहिली. वाल्डचे नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवे. पण जेसी स्लीट हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलमध्ये रीतसर शिकलेली ही काळी नर्स. १९०० साली न्यूयॉर्कच्या एका धर्मादाय संस्थेने काळ्या वस्तीतल्या क्षयरोग्यांसाठी तिला कामावर घेतले, तेही दोन महिने, 'प्रयोग' म्हणून. गोरीची लायकी गृहीत धरायची आणि काळीची तपासून बघायची! राखीव जागेवर शिकलेल्या आपल्या डॉक्टर मुलींना या प्रयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. स्लीटने दोन महिन्यांत ४१ आजारी कुटुंबे गाठली, १५६ भेटी दिल्या आणि हिशेब लिहून दिला. मग नोकरी टिकली.

१९०६ मध्ये एलिझाबेथ टायलर हेन्री स्ट्रीटची पहिली काळी नर्स झाली. संस्थेकडे काळे रुग्ण येतच नव्हते. तेव्हा तिने इमारतींच्या रखवालदारांशी ओळखी केल्या, कोणत्या खोलीत कोण आजारी आहे ते विचारले आणि जिने चढली. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने हा धडा घ्यावा. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा याच शहरात या नर्सा जिने चढत होत्या.

पुढे कायदा आला. अमेरिकेने १९३८ साली किमान वेतन आणि कामाच्या तासांचा कायदा केला आणि त्यातून घरकामगार व शेतमजूर वगळले. दक्षिणेत ही दोन्ही कामे प्रामुख्याने काळ्यांकडे होती, म्हणून कायद्यात रंगाचा उल्लेख करायची गरजच पडली नाही. १९७४ साली घरकामगारांना कायद्यात घेतले, पण वृद्ध-आजाऱ्यांना 'सोबत' करणाऱ्यांना पुन्हा बाहेर ठेवले. एव्हलिन कोक ही जमैकाहून आलेली बाई अशीच वृद्धांच्या घरी राबली. जादा तासांच्या पैशांसाठी ती कोर्टात गेली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निकाल दिला. नियम बदलला २०१३ मध्ये. ती २००९ मध्येच वारली होती.

तिथे शब्द 'सोबत' होता, आपल्याकडे 'स्वयंसेविका' आहे. २००५ नंतर आलेली आशाताई सरकारी कागदावर कर्मचारी नाही. बाळंतिणीच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचे वजन करते, ताप बघते, आईला पाजायला शिकवते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर अशा सहा भेटी पूर्ण करायच्या, मग २५० रुपये. त्याला मजुरी म्हणायचे नाही, 'मोबदला' म्हणायचे. मोर्चात उतरली की हीच बाई सरकारला अचानक 'कामावर गैरहजर' दिसते. स्वयंसेविका गैरहजर कशी असेल?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, हा त्यांचा मुद्दा होता. त्यात दया किंवा पुण्य नव्हते, खर्च कोणी द्यायचा याचा रोखठोक हिशेब होता. आशाताईंच्या पुढच्या मोर्चाला जाताना आपल्या तरुणांनी तोच हिशेब फलकावर लिहून न्यावा : सहा भेटी, २५० रुपये.