वेड्यांच्या इस्पितळांतील एक मासिक : ‘न्यू मून’

स्कॉटलंडांतील डम्फ्रीस येथें क्रायटन रॉयल इन्स्टिट्यूशन नांवाचें वेड्यांचें इस्पितळ होतें. तेथून इ. स. १८४४ च्या डिसेंबरांत ‘न्यू मून’ हें मासिक निघूं लागलें. त्यांतील लेखन रुग्णांचें. अशा कागदांस इतिहासाचें अस्सल साधन मानावें कीं नाहीं, हा प्रश्न संग्राहकांनीं विचारांत घेण्याजोगा आहे.

इस्पितळ ज्या पैशावर उभें राहिलें तो पूर्वेकडील, हें आपणांस विशेष. डॉ. जेम्स क्रायटन यानें हिंदुस्थानांत राहून मोठी संपत्ति मिळविली. तो १८२३ त वारला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्या मनांत डम्फ्रीसला विद्यापीठ काढावयाचें होतें. तें साधलें नाहीं आणि १८३९ त इस्पितळ उघडलें. पहिला अधीक्षक डॉ. डब्ल्यू. ए. एफ. ब्राउन. वेड्यांचीं इस्पितळें कशीं होतीं, कशीं आहेत व कशीं असावींत, या विषयावरील त्याचीं पांच व्याख्यानें १८३७ तच प्रसिद्ध झालीं होतीं. कोंडून ठेवण्याऐवजीं उद्योग, वाचन व संगीत यांनीं मन ताळ्यावर आणावें, हें त्याचें मत. आणि तें त्यानें अमलांत आणलें. १८४३ त रुग्णांनीं नाटक केलें, पुढल्या वर्षीं मासिक निघालें. रुग्णांनीं काढलेलीं चित्रें तो सांभाळून ठेवी. एडिंबरोच्या इस्पितळांतूनही १८४५ त ‘मॉर्निंगसाइड मिरर’ निघालें. म्हणजे हा एकट्याचा छंद नव्हता.

आतां साधनाची पारख. इस्पितळाच्या आश्रयानें निघणाऱ्या पत्रांत इस्पितळाविरुद्ध कडक तक्रार सांपडेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. आश्रयदात्याच्या पदरीं बसून लिहिलेली बखर आपण ज्या सावधगिरीनें वाचतों, तीच येथें हवी. शिवाय लिहिणारे साक्षर. गरीब रुग्णांसाठीं १८४९ त शेजारीं निराळें इस्पितळ निघालें, त्यांपैकीं ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांचा आवाज अशा पानांत कसा उमटणार? मासिक निघालें यावरून रोगी बरे झाले, असेंही अनुमान काढतां येत नाहीं. मात्र एक गोष्ट निर्विवाद ठरते : ज्यांच्या बोलण्यास बाहेर कोणी किंमत देत नव्हतें, त्यांचा मजकूर येथें छापण्यायोग्य मानला गेला.

चित्रांची गोष्ट याहून नाजूक. ब्राउननें १८५७ त डम्फ्रीस सोडलें व तो स्कॉटलंडच्या वेड्यांच्या इस्पितळांचा सरकारी तपासनीस झाला. १८८० त त्यानें ‘वेडे चित्रकार’ या विषयावर निबंध लिहिला. त्यांत चित्राकडे पाहणारी दृष्टि वैद्याची आहे. चित्र काढणारास तें काढतांना काय वाटलें, हें सांगणारा कागद क्वचितच हातीं लागतो. आणि लागला तरी तो बहुधा वैद्याच्याच टिपणांत गुंडाळलेला असतो.