बाष्पाच्या खुणेवरून वारा

भोपाळात वाऱ्याचा विषय निघाला की आपल्या जुन्या घरांतली माणसे क्षणभर गप्प होतात. २ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटताना वायव्येकडून येणाऱ्या मंद वाऱ्यानेच तो विषारी वायू जुन्या शहरावर नेला. इन्सॅट-१बी उपग्रह तेव्हा वर्षभरापूर्वीच अवकाशात गेला होता. त्याला तो वारा दिसला नाही काय, असे मनात येणे साहजिक आहे.

वास्तविक उपग्रहाला वारा दिसतच नाही. वाऱ्याबरोबर जे वाहते ते दिसते. शिकागो विद्यापीठातील टेट्सुया फुजिता आदींनी साठच्या दशकात ढगांच्या सरकण्यावरून वारा मोजण्याची रीत घातली. इन्सॅट-१बी लाही ढगांचाच आधार होता. पण आपल्या माळव्याचे आकाश पावसाळा सरला की बहुधा निरभ्र. ढग नाही, तर खूणही नाही!

ही उणीव बाष्पाने भरून काढली. सुमारे ६.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात पाहिले असता ढग नसतानाही ओलसर हवा पांढुरकी, कोरडी हवा काळसर उमटते. युरोपच्या मेटिओसॅटने १९७७ पासून, आपल्या इन्सॅट-२ई ने १९९९ पासून आणि कल्पना-१ ने २००२ पासून तसे पाहिले. अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराची तीन चित्रे घ्यावीत, एकच डाग तिन्हींत शोधावा. तो अर्ध्या तासात ४५ किलोमीटर सरकला, तर वारा ताशी ९० किलोमीटर. एवढे सोपे. खरी अडचण उंचीची. डाग जितका थंड तितका तो वर, हा ढोबळ हिशेब. तो चुकला की अचूक मोजलेला वारा भलत्याच मजल्यावर जाऊन बसतो. म्हणून बैरागढहून सोडल्या जाणाऱ्या फुग्याच्या मोजणीशी तो ताडून पाहणे आजही अगत्याचे ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जमिनीलगतच्या हवेतून निघालेले या पट्ट्यातील किरण वाटेतले बाष्पच गिळून टाकते. उपग्रहापर्यंत पोहोचते ते मुख्यतः तीन-चार किलोमीटरच्या वरचे. २००५ पासून भूस्थिर उपग्रहांचे एक नियंत्रण केंद्र आपल्या भोपाळातच आहे. तरीही २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएसच्या बाष्पचित्रांतसुद्धा त्या रात्रीसारखा, घराच्या छपराइतक्या उंचीवरून सरपटत जाणारा वारा दिसणार नाही. त्यासाठी वस्तीतच खांबावर वातकुक्कुट आणि वेगमापक लागतो, आणि त्याची नोंद रात्रीही घेणारा माणूस लागतो.