बाजारसंशोधन : समाजमाध्यमे आणि बॉट

ग्राहकाला काय हवे, किती भावाला हवे, याचा पद्धतशीर शोध. पूर्वी त्यासाठी प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडावे लागे. आता समाजमाध्यमांवरचा मजकूर संगणकच चाळतो. यातली खोट उघड आहे : बॉटने, म्हणजे स्वयंचलित खात्याने, केलेली वाहवाही मागणी म्हणून मोजली जाते. खऱ्या माणसांच्या मजकुरातही चित्र एकांगी होते. उदाहरणार्थ, पळसदेव (ता. इंदापूर, जि. पुणे) हे उजनी जलाशयाकाठचे गाव. या पट्ट्यात डाळिंबाच्या भावाची चौकशी व्हॉट्सॲप गटांवरही होते. तिथे चढ्या भावाची पट्टी (विक्रीची पावती) लगेच फिरते, पडलेल्या भावाची बहुधा खिशातच राहते. सरकारी डिजिटल साधनेही आहेत : ‘ई-नाम’ हा ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजार २०१६ मध्ये आला. २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने मराठी चॅटबॉट असलेले ‘महाविस्तार’ ॲप आणले. स्मार्टफोन नसलेला शेतकरी मात्र समाजमाध्यमांवरच्या अशा पाहणीत सहसा येतच नाही.